उजव्या सोंडेचं पथ्य

आधीच सांगतो, हे मी पुरुषांसाठी लिहितोय. बायकांनी वाचलं तर आनंदच आहे, पण त्यांना ह्यातलं बरंचसं आधीपासून ठाऊक असतं. तळासरीच्या दवाखान्यात थायरॉईडसाठी रक्त द्यायला बसलो होतो, तेव्हा बाकावर सगळ्या बाया आणि मी एकटा बाप्या. शेजारच्या बाईने सहज विचारलं, "बायको आत गेली काय?" मी म्हटलं, "हो." बायको माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. तिने ते ऐकलं आणि डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. हसत होती की रडत होती, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तर माझ्यासारखा कुणी असेल, जो लाजेपायी बायकोच्या नावावर आजार खपवतोय, त्याने हे वाचावं.

तब्येत सुधारली

मी धाकटी डहाणूचा. बाप होडीवर जायचा, मला मात्र खाडीच्या तोंडाशीच ओकाऱ्या सुरू व्हायच्या. "कोळ्याच्या पोटी हे काय आलं!" म्हणून बापाने कपाळावर हात मारला आणि मला चुलत्याकडे डाय कोरायला बसवलं. डाय म्हणजे दागिन्याचा साचा. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने नक्षी खोदायची, त्यावर सोन्याचांदीचा पत्रा ठेवून दाबला की लॉकेट उठून येतं. आमच्या पट्ट्यात घरोघरी हा धंदा चालायचा. ह्यातली मेख एकच. डायमध्ये सगळं उलटं कोरावं लागतं. लॉकेटवर मोराची मान डावीकडे हवी तर डायमध्ये ती उजवीकडे. पहिल्या वर्षी डोकं गरगरतं, मग हात आपोआप उलटा चालतो. माझा हात वीस वर्षं तसा चालत होता.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर माझं तोंड भरायला लागलं. गाल वर आले, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, पँट बसेना. आणि जो भेटेल तो खूश! "विलास, तब्येत सुधारली रे!" "वहिनी काय खायला घालते?" "पैसा अंगावर दिसतोय हां!" बाजारात मासळीवाल्या म्हणायच्या, "बाय गं, केवढा गोरा झाला!" मी गोरा झालो नव्हतो, फिका पडलो होतो. पण आमच्याकडे माणूस सुजला तरी सुधारला म्हणतात. मीही मिशीवर हात फिरवून घ्यायचो.

त्या सुधारलेल्या तब्येतीचं आतलं खातं वेगळंच होतं. थंडी वाजायची. डहाणूची थंडी ती काय, सगळे बनियनवर बसलेत आणि मी स्वेटर घालून. कामाच्या शेडमध्ये माझा चुलतभाऊ दिलीप पंखा लावायचा, मी बंद करायचो, ह्यावरून आमची रोज जुंपायची. सकाळी पोट साफ व्हायचं नाही, हेही सांगून टाकतो, कारण हे कुणी सांगत नाही आणि त्याच्याइतका वैताग दुसरा नाही. आवाज घोगरा झाला. कातडी बोंबलासारखी सुकी पडली. दुपारी भिंग डोळ्याला लावलं की डोळाच मिटायचा.

आणि बोटं. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं ह्यांना मुंग्या यायच्या. मग त्या मुंग्याही गेल्या आणि बोटं नुसती लाकडासारखी राहिली. छिन्नी पोलादावर टेकली की कळायचं ते बोटांना, डोळ्यांना नाही. ते कळणंच बंद झालं. आई लसूण घालून तेल गरम करायची आणि चोळून द्यायची. "बसून बसून वात धरलाय," म्हणायची. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

शेठचा फोन

वलसाडचे एक शेठ माझ्याकडून वर्षानुवर्षं डाय घेत. २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी गणपतीच्या लॉकेटची डाय सांगितली. लग्नसराईचा माल होता. मी कोरली, ठसा उठवून पाहिला, ठीक वाटला, पाठवून दिली. काही दिवसांनी फोन आला.

"विलासभाई, आ शुं मोकल्युं तमे? हे काय पाठवलंय?"

"का, शेठ?"

"सूंढ बघा ना! जमणी बाजू, उजवीकडे! अर्धा माल निघाला माझा. कोण घालणार हे गळ्यात?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात, गळ्यात, गाडीत गणपती डाव्या सोंडेचा लागतो. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं, त्याची रोजची वेळ, त्याची उपाशीपोटी करायची पूजा, सगळं काटेकोर. जराही खाडा चालत नाही. म्हणून लोक त्याच्या वाटेला जात नाहीत. आणि मी, वीस वर्षांचा डायमेकर, चित्र जसं होतं तसंच सरळ कोरून बसलो होतो. उलटं करायला विसरलो.

शेठने डाय परत पाठवली, सोबत नमुन्याचं एक लॉकेट. मी ते तळहातावर घेऊन बसलो. चूक झाली ह्याची भीती वाटली नाही, चुका होतात. भीती ही वाटली, की मी स्वतः ठसा उठवून पाहिला होता. बराच वेळ पाहिला होता. आणि मला ती सोंड दिसली नव्हती.

माझा बाप शेवटी शेवटी घरातून निघून खाडीवर जायचा आणि परतीची वाट विसरायचा. लोक हाताला धरून आणून सोडायचे. पण तो तेव्हा सत्तरीचा होता आणि मी आत्ता कुठे चाळिशीत. मला वाटलं, आपलं लवकर सुरू झालं. हात गेला होताच, आता डोकं. बाकी मला काही येत नव्हतं. होडीवर मी ओकत होतो आणि इथे मला सोंड दिसत नव्हती. मग मी कशाचा राहिलो? हा एकच प्रश्न त्या दिवसांत माझ्या डोक्यात असायचा, आणि तो मी कुणालाही सांगितला नाही.

दिलीप म्हणाला, "दे इकडे, कानस मारून सपाट करतो, ठोकळा तरी वापरता येईल."

आई दारात मासळी साफ करत बसली होती. ती कोयता टाकून उठलीच. "देवाच्या तोंडावर कानस मारतोस? हात झडतील!" डाय तिने फडक्यात गुंडाळून ठेवली आणि ते लॉकेट धुऊन देव्हाऱ्यात मांडलं. शेजारची काकू म्हणाली, "अगं, उजव्या सोंडेचा घरात ठेवू नये, त्याचं करणार कोण?" आई म्हणाली, "आलाय तर आलाय. त्याला काय रस्त्यावर घालू?"

कुठे बसता?

ह्या सगळ्यात माझी बायको सुरेखा काय बघत होती? नवऱ्याचं तोंड सुजलेलं. डोळे तांबारलेले. बोलणं जड, शब्द शोधत शोधत. संध्याकाळी घरी आला की भिंतीला टेकून झोपतो. पोरीच्या शाळेची मीटिंग विसरतो. काम बिघडवतो. तुम्हीच सांगा, बाईने काय समजावं?

एका संध्याकाळी तिने माझ्या जवळ येऊन वास घेतला. सरळ तोंडाजवळ नाक नेऊन. मुलगी अभ्यासाला बसली होती, तिच्यासमोर.

"खरं सांगा. कुठे बसता?"

"म्हणजे?"

"कुणाबरोबर पिता?"

मी कधीच दारूला शिवलो नाही असं नाही, आमच्याकडे हळदीला कोण कोरडा राहतो! पण तेव्हा मी थेंबही घेत नव्हतो. मला संताप यायला हवा होता. आला नाही. तेवढाही जोर अंगात नव्हता. मी म्हटलं, "काय समजायचं ते समज," आणि कूस बदलली. मुलीने पुस्तक मिटलं आणि आत निघून गेली. त्या आजारपणातलं सगळं विसरेन, पुस्तक मिटल्याचा तो आवाज विसरणार नाही.

पुढचे कित्येक दिवस सुरेखा माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग दिलीपकडून तिला सोंडेचं कळलं. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी म्हणाली, "दारू प्यायलेला माणूस पण सोंड चुकत नाही. चला, ताईकडे जाऊ."

तळासरी

तिची मोठी बहीण मंदाताई तळासरीला एका दवाखान्यात नर्स. आम्ही नरपड, घोलवड सोडून बोर्डीवरून आत वळलो. जीपमध्ये चिकूच्या करंड्या आणि माणसं सारखीच कोंबलेली, खिडकीतून ऊन येत होतं, आणि मी स्वेटरात. सगळा रस्ता सुरेखाने माझा लाकडी हात आपल्या हातात धरून ठेवला होता. मला तो धरलेला फारसा कळत नव्हता, दिसत होता.

मंदाताईने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "अगंबाई! भाऊजी, भुवया कुठे गेल्या तुमच्या?"

मी आरशात पाहिलं. खरंच, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होऊन गेली होती. रोज दाढी करणारा माणूस मी. स्वतःच्या तोंडावर एवढं घडलेलं मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, बायकांच्या त्या रांगेत. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण होत्या, शांत बोलायच्या.

"थायरॉईड कमी पडतोय तुमचा. बराच कमी."

"पण ते बायकांना होतं ना?" मी म्हटलं.

"बायकांना जास्त होतं. पण गळ्यातली ती ग्रंथी तुम्हालाही आहेच की. ती अंगाला चालना देते. तुमची सुस्तावलीय, म्हणून सगळंच सुस्तावलंय. पोट, कातडी, आवाज."

"हात?"

"हातसुद्धा. मनगटात सूज आहे, त्याने नस दाबली जाते."

मग मी विचारलं. "आणि डोकं? मी विसरतो. माझा बापही विसरायचा."

त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, मग म्हणाल्या, "ह्या आजारात असं होतं. गोळीने बहुतेक सगळं परत यायला हवं. घाई मात्र करू नका."

मी रडलो. चारचौघांत, बाकावरच्या बायांना दारातून दिसेल असा. सुरेखाने रडू दिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्या दिवशी मी वास घेतला तुमचा." मी म्हटलं, "घ्यायचाच. मीही घेतला असता." एवढ्यावर ते मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ह्याहून जास्त बोलायची गरज पडत नाही.

गोळी किती दिवस, हे विचारायचं राहिलं होतं. सुरेखा परत आत जाऊन विचारून आली. तिचा चेहरा बघूनच कळलं. "रोज," ती म्हणाली. "कायमची."

चहा

घरी आईला सांगितलं तर तिने ऐकलं टायफॉईड. दोन दिवस मऊ भात आणि मुगाचं पाणी! आणि गावभर सांगून आली, "विलूला टायफॉईड झाला." मी दुरुस्त केलं नाही. टायफॉईड कसा, बाप्याला शोभतो.

गोळी घेत राहिलो. एवढीशी पांढरी गोळी, डाळीच्या दाण्याएवढी. पंधरवड्यात उड्या मारीन असं वाटलं होतं. महिना झाला, जरा उजाडल्यासारखं वाटलं, बस. पुन्हा रक्त दिलं तर आकडा हटायला तयार नाही. मला वाटलं, झालं, आपल्याला औषधही लागू पडत नाही. ते दिवस आजार कळण्याआधीच्या दिवसांपेक्षा वाईट होते.

डॉक्टर बाईंनी विचारलं, "गोळी घेता कशी?"

"कशी म्हणजे? सकाळी उठल्यावर. चहाबरोबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी सांगितलं होतं ना? रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. मग निदान अर्धा-पाऊण तास काही नाही. चहासुद्धा नाही."

सांगितलं असणारच. पण आमच्या घरात चहा म्हणजे काही खाणं नव्हे. बाप पहाटे होडीवर जायचा तेव्हापासून आई डोळा उघडताच चूल पेटवते, चहा झाल्याशिवाय कुणी जमिनीला पाय लावत नाही. चहा प्यायलेला माणूस आमच्या हिशेबी रिकाम्या पोटीच असतो. त्यामुळे मी पथ्य मोडतोय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

सुरेखाने हे सगळं आईपुढे मांडलं. रोज सकाळी, एकाच वेळी, उपाशीपोटी, नुसतं पाणी, आणि चुकवायची नाही. आई ऐकत होती. मग देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे उजव्या सोंडेचाच की हा."

ती उठली. माझ्या गोळ्यांची बाटली फळीवरून काढली आणि देव्हाऱ्यात, दिव्यापासून लांब, त्या लॉकेटशेजारी ठेवली. "आता दोघांचं एकदमच होईल. खाडा नाही."

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. मी उठायचो, तोंड धुऊन देव्हाऱ्यासमोर जायचो, आई लॉकेटला पाणी घालायची आणि माझ्या हातावर गोळी ठेवायची. मग मी पायरीवर बसायचो, चहाची वाट बघत. आणि आई शेजारी येऊन बसायची. तिनेही चहा घेतलेला नसायचा.

"तू घे ना गं," मी म्हणायचो. "तुला कुठे थायरॉईड आहे?"

"मला कुठे घाई आहे?" ती म्हणायची.

जन्मभर चहाशिवाय डोळा न उघडलेली बाई माझ्यासाठी तशीच बसून राहायची. खाडीवरून होड्या जायच्या, कुणाची होडी, ती चालवणारा तांडेल कोण, ते ती सांगायची. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो. आजाराने मला दिलेलं हे एकच, पण दिलं खरं.

सोंड

सुधारणा हळूहळू झाली. आधी पोट. मग थंडी गेली, एक दिवस पंखा मीच लावला आणि दिलीपने शेडमध्ये टाळ्या वाजवल्या. मग गोळीची ताकद वाढवली. मनगटाला झोपताना पट्टा बांधायचो. त्या वर्षी मी फक्त कानस मारून डाय घासायचं काम केलं, कोरायला घेतलं नाही. दिलीप अवघड नक्षी आपल्याकडे ओढून घ्यायचा.

एका सकाळी पायरीवर बसलो असताना आईने भाजलेले शेंगदाणे हातावर ठेवले, आणि साल सोलताना मला अंगठ्याखाली ते साल कळलं. पातळ, कुरकुरीत. मी आईला काही न सांगता सगळे शेंगदाणे सोलून ठेवले. घड्याळ बघितल्याशिवाय तिने ते मला खाऊ दिले नाहीत.

त्यानंतर शेठसाठी गणपतीची डाय परत कोरली. ठसा उठवला, बघितला, आणि भरवसा न ठेवता सुरेखापुढे धरला. "सोंड कुठे?"

"डावीकडे," ती म्हणाली.

"नक्की?"

"अहो, डावीकडे! मुलीला विचारा हवं तर."

मुलीने नीट निरखून बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या भुवया आल्या."

२०१८ पर्यंत माझी जुनी पँट मला बसायला लागली, तर बाजारात नवीन चाल सुरू झाली. "विलास, तब्येत उतरली रे! शुगर निघाली की काय?" मी म्हणायचो, "नाही, थायरॉईड आहे." मोठ्याने. मासळीवाल्या एकमेकींकडे बघायच्या आणि मग एखादी हळूच म्हणायची, "माझ्या नवऱ्याचं पण तोंड सुजतं रे." तिथूनच हे लिहावंसं वाटलं.

आईची सकाळ

२०१९ मध्ये आई गेली. छातीत पाणी झालं होतं. शेवटचे काही दिवस अंथरुणावर होती, पण सकाळी हाक मारून विचारायची, "घेतलीस?" घेतली म्हटल्यावर डोळे मिटायची.

तिला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि पाय सवयीने देव्हाऱ्याकडे गेले. समोर जाऊन थांबलो. सुतक. देवाला शिवायचं नाही. दिवा नव्हता, देव फडक्याने झाकलेले. बाटली आत. मी तिथेच उभा राहिलो. हात पुढे करावा तर आई असती तर ओरडली असती, आणि न करावा तरी ओरडली असती.

सुरेखा मागे आली. "तिथे नाही बाटली," ती म्हणाली.

"मग?"

"चहाच्या डब्याशेजारी ठेवलीय, काल आईंचा श्वास लागला तशी. आईंनीच सांगितलं होतं मला, अंथरुणाला लागल्या तेव्हाच. म्हणाल्या, माझं काही झालं तर सुतक येईल, विलूला देवाला हात लावता येणार नाही. आधीच बाहेर काढून ठेव, नाहीतर त्याचा खाडा होईल."

गोळी तिने माझ्या हातावर ठेवली. पाण्याबरोबर घेतली. मग मी पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळाने सुरेखा येऊन शेजारी बसली, आईच्या जागेवर.

"तू चहा घे ना," मी म्हटलं.

"होऊ दे तुमची वेळ," ती म्हणाली.